मास्क पोलिसासाठी नसतो : समूह संसर्ग आणि आपली टाळाटाळ

राज्यातील कोरोनाबाधितांची एकूण संख्या ११ सप्टेंबर २०२० रोजी १० लाखांच्या पुढे गेली. पाठोपाठ देशाने ५० लाखांचा आकडा ओलांडला. ९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेल्या दाम्पत्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात रोज २० हजारांच्या घरात नवे रुग्ण सापडत होते आणि वस्तीतल्या गप्पांमध्ये त्याचा साधा उल्लेखही होत नव्हता.

तेव्हा कोणत्याही नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिले तरी हे दिसायचे. पोलिसांची गाडी दिसली की हनुवटीवरचा मास्क नाकावर चढायचा. गाडी पुढे गेली की परत खाली यायचा. अनोळखी माणूस शिंकला तर लोक चार पावले मागे सरकायचे. पण आपला मित्र आला की मास्क खिशात जायचा, एकाच मोबाईलवर चार डोकी वाकायची आणि एकाच पुडीतली तंबाखू सगळ्यांच्या तळहातावर फिरायची. संध्याकाळी हेच तरुण घरी जायचे आणि आजीच्या शेजारी बसून जेवायचे.

म्हणजे जिथे धोका कमी होता तिथे आपण काळजी घेत होतो आणि जिथे जास्त होता तिथे मोकळे होत होतो. हे उलटे का होते, ते समजायचे तर ‘समूह संसर्ग’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागेल.

साखळी हरवते तेव्हा

जागतिक आरोग्य संघटना साथीच्या चार अवस्था मानते. एखाद्या भागात रुग्णच नाही, ही पहिली. बाहेरून आलेले तुरळक रुग्ण, ही दुसरी. एखाद्या कुटुंबात, इमारतीत, कारखान्यात किंवा कार्यक्रमात एकमेकांकडून लागण झालेले रुग्णांचे पुंजके, ही तिसरी. आणि रुग्णाला लागण कोणाकडून झाली हेच मोठ्या संख्येने सांगता येत नाही, ही चौथी. या चौथ्या अवस्थेला समूह संसर्ग म्हणतात.

पहिल्या महिन्यात दवाखान्यात ठरलेला प्रश्न असायचा : परदेशातून आलात का? परदेशातून आलेल्याच्या संपर्कात होता का? पण एप्रिलच्या सुरुवातीलाच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसनाच्या तीव्र आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ५,९११ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा १०४ जण कोरोनाबाधित निघाले. त्यातल्या ३९ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी परदेश प्रवास केला नव्हता आणि कोणा ज्ञात रुग्णाशी त्यांचा संबंधही आला नव्हता. साखळी तेव्हाच हरवू लागली होती.

सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेच्या देशव्यापी रक्त तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत देशात सुमारे ६४ लाख लोकांना लागण होऊन गेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. त्या वेळी सरकारी नोंदीत एक लाखही रुग्ण नव्हते. सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागे न सापडलेले कितीतरी जण आपल्यात वावरत होते, कामाला जात होते, नळावर पाणी भरत होते.

एवढे असूनही सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकार ‘समूह संसर्ग’ हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी १७ जुलैला तिरुवनंतपुरमजवळच्या पुंथुरा आणि पुल्लुविला या किनारी वस्त्यांत समूह संसर्ग झाल्याचे उघडपणे सांगितले. सांगितल्याने केरळ बुडाले नाही. उलट लोकांना कळले की आता बाहेरून येणाऱ्यावर नजर ठेवून भागणार नाही. खरे सांगितले तर लोक घाबरतील, असे राज्यकर्त्यांना नेहमी वाटते. माझ्या मते लोकांना जास्त भीती वाटते ती काहीतरी लपवले जात असल्याची.

मुंबईचे आकडे आपल्यासाठी आणखी महत्त्वाचे होते. जुलैमध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-शीव या भागांतील महापालिकेच्या तीन प्रभागांत रक्त तपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. पुण्यातही पाच प्रभागांच्या तपासणीत ५१ टक्क्यांहून अधिक जणांमध्ये ती सापडली. शहर तेच, विषाणू तोच. फरक आहे तो दहा बाय दहाच्या खोलीचा, सामाईक संडासाचा आणि घरी बसून काम करता न येण्याचा.

या आकड्यांचा एक चुकीचा अर्थ तेव्हा फिरत होता : ‘आपल्या लोकांना होऊन गेला, आता आपल्यात ताकद आली, मास्कची गरज नाही.’ हे धोक्याचे होते. तीन प्रभागांचा आकडा म्हणजे तुमच्या वस्तीचा आकडा नव्हे. प्रतिपिंडे किती काळ टिकतात हे तेव्हा ठरलेले नव्हते. एकदा बरा झालेल्या माणसाला पुन्हा लागण झाल्याचे पहिले सिद्ध उदाहरण ऑगस्टच्या अखेरीस हाँगकाँगमधून आले होते. आणि ५७ टक्क्यांना होऊन गेला याचा अर्थ ४३ टक्क्यांना तोवर झालेला नव्हता. त्यात घराबाहेर न पडलेले आजी-आजोबा, मधुमेहाचे आणि दम्याचे रुग्ण होते. विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचणार होता तो आपल्यामार्फत.

धोका ओळखीच्या माणसाकडून

लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदा दिवसही लागतात. पण माणूस लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण देऊ शकतो. काहींना तर लक्षणे येतच नाहीत. म्हणून ‘तो तर ठणठणीत आहे’ या वाक्याला काही अर्थ उरला नव्हता.

विषाणू पसरतो तो मुख्यतः तोंडातून आणि नाकातून उडणाऱ्या थेंबांतून. जवळ बसून, बराच वेळ, बंद जागेत, मोठ्याने बोलत राहिलो तर धोका वाढतो. अगदी बारीक थेंब बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात, याची दखल घ्या, असे पत्र जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला लिहिले. आता विचार करा, असा जवळचा, बराच वेळ चालणारा, बंद जागेतला संपर्क आपला कोणाशी येतो? रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाशी येत नाही. तो येतो घरच्यांशी, मित्रांशी, मंडळाच्या कार्यकर्त्यांशी.

मार्चमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा सराव झाला. ६१ जण अडीच तास एका सभागृहात गायले. त्यांच्यात एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. नंतर ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. त्यांचे आपसात वैर नव्हते, निष्काळजीपणाही नव्हता. सॅनिटायझर दाराशी ठेवले होते, हस्तांदोलन टाळले होते. पण त्यांनी बंद जागेत, मोठ्याने, बराच वेळ गायले. वंदना, भीमगीतांचा सराव, खिडक्या लावून चालणाऱ्या बैठका घेणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. हात धुणे गरजेचे आहेच, पण खिडकी उघडणेही तेवढेच गरजेचे आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

ओळखीच्या माणसाकडून लागण होते हे मान्य करणे जड जाते, म्हणून समाज परका गुन्हेगार शोधतो. एप्रिलमध्ये तो तबलिगी जमातच्या रूपाने शोधला गेला. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेण्याचे प्रकार झाले. त्याच जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्टला रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे स्पष्ट सांगितले. तोवर चार महिने गेले होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘यांच्यामुळे विटाळ होतो’ हे ऐकावे लागले, त्यांनी तरी या खेळात सामील होऊ नये. आणि हा केवळ न्यायाचा मुद्दा नाही. सगळे एका जमातीकडे बोट दाखवत होते, तेव्हा विषाणू त्यांच्या स्वतःच्या घरातून आरामात फिरत होता.

लोक ऐकत का नाहीत?

‘आपले लोक अडाणी आहेत, ऐकतच नाहीत’ हे वाक्य शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी तेव्हा वारंवार येत होते. ते खरे नाही. १४ एप्रिलला आपण काय केले ते आठवा. भीमजयंतीला रस्त्यावर न उतरणे ही आपल्या समाजासाठी लहान गोष्ट नव्हती. मिरवणूक नाही, डीजे नाही, पुतळ्यापाशी गर्दी नाही. घराघरांत प्रतिमेसमोर मेणबत्ती लावून जयंती झाली. ७ मेची बुद्ध पौर्णिमाही तशीच झाली. सांगणारे आपले होते आणि कारण पटले होते, म्हणून लोकांनी ऐकले. तेच लोक सप्टेंबरपर्यंत ऐकेनासे झाले असतील, तर मधल्या काळात काय घडले ते पाहावे लागेल.

पहिली गोष्ट पोटाची. बिगाऱ्याला, घरकाम करणाऱ्या ताईला, रिक्षावाल्याला तेव्हा विचारले जायचे : अंगात ताप आहे, तपासणी का करत नाही? पॉझिटिव्ह निघाला तर चौदा दिवसांची मजुरी बुडायची. घरकाम करणाऱ्या बाईचे काम कायमचे सुटायचे, कारण सोसायटी तिला परत आत घेत नसे. घरावर फलक लागायचा, गल्लीला बांबू लागायचे, शेजारी बोलायचे बंद व्हायचे. तपासणी न करण्यात या माणसाला तोटा दिसत नव्हता, करण्यात मात्र तो डोळ्यांसमोर उभा असायचा. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. तो हिशेब होता, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर बरोबर हिशेब होता. त्यात फक्त घरातल्या म्हाताऱ्या आईचा जीव धरलेला नसायचा.

दुसरी गोष्ट विश्वासाची. सुरुवातीला सांगितले गेले की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. ४ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने घरगुती मास्क वापरायला सांगितले. त्यानंतर चारच दिवसांनी मुंबईत मास्क न लावणे गुन्हा झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ जूनला आपला सल्ला बदलला. लक्षणांशिवाय लागण पसरते हे जसजसे कळत गेले तसतसा सल्ला बदलला, विज्ञान असेच चालते. पण हे कोणी समजावून सांगितले नाही. लोकांपर्यंत पोहोचला तो थेट दंड. त्याआधी थाळ्या वाजवा, दिवे लावा, असे सांगितले गेले आणि थाळ्या वाजवत लोक रस्त्यावर जमले. ज्या गोष्टीचे कारण सांगितले जात नाही ती लोक हुकूम म्हणून पाळतात, आणि हुकूम साहेब समोर असेपर्यंतच पाळला जातो. मास्क पोलिसासाठी लावला जात होता तो यामुळे.

या पोकळीत अफवा घुसतात. ‘एका पॉझिटिव्हमागे पालिकेला दीड लाख मिळतात, म्हणून धरून नेतात’ ही अफवा तुमच्याही मोबाईलवर आली असेल. अशी कोणतीही योजना नव्हती. पण ती पटली, कारण तिच्या शेजारी एक खरी गोष्ट उभी होती. खासगी रुग्णालयांनी लाखालाखांची बिले लावली, म्हणूनच तर राज्य सरकारला २१ मे रोजी ८० टक्के खाटांचे दर बांधून द्यावे लागले : साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. अफवा खोटी आहे एवढेच सांगून भागत नाही. हे दर माहीत असलेला, बिल हातात घेऊन काउंटरवर उभा राहणारा कार्यकर्ता सोबत असला की ‘धरून नेतात’ ही भीती निम्मी व्हायची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मे महिन्यात राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुली झाली, हेही तेव्हा अनेक घरांत माहीत नव्हते.

तिसरी गोष्ट नेत्यांची. सर्व पक्षांचे पुढारी उद्घाटने करत होते, वाढदिवस साजरे करत होते. आपल्याच घरातलेही बोलले पाहिजे. ३१ ऑगस्टला पंढरपुरात मंदिरे उघडण्यासाठी आंदोलन झाले, त्याचे नेतृत्व ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी केले. दुकाने उघडली, मग प्रार्थनास्थळे का नाहीत, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही आहे. पण त्या दिवशी पंढरपुरात जमलेली गर्दी पाहून राज्यभरातल्या तरुणांनी काय निष्कर्ष काढला असेल? नेता काय बोलला ते लोक विसरतात, गर्दीचा फोटो लक्षात राहतो.

जबरदस्ती जुनी आहे, दुसरा मार्गही जुनाच

साथीत लोक सरकारपासून लपतात हे काही आजचे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला. राज्यात मार्च २०२० मध्ये लागू झाला तो हाच कायदा. पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत घुसले, माणसे ओढून छावण्यांत नेली, सामान जाळले. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या दवाखान्यापासून कोणी लपले नसेल, असे मला वाटते.

कोरोनाकाळात याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण धारावीचे. अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागा आणि सुमारे साडेआठ ते दहा लाख माणसे. १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला तेव्हा धारावी संपली असेच सगळे म्हणत होते. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले. बरेच मजूर गावी गेल्याने गर्दी कमी झाली होती, हे मान्य करावे लागेल. पण मुख्य काम वेगळेच होते. दहा जणांच्या खोलीत ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला थट्टा ठरतो, हे पालिकेने ओळखले. शाळा आणि क्रीडा संकुले विलगीकरणासाठी घेतली, तिथे जेवणाची आणि डॉक्टरांची सोय केली. सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. आणि घरोघर तपासणीला धारावीतलेच खासगी डॉक्टर सोबत घेतले, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षे तापाची गोळी घ्यायला जात होते. ओळखीचा डॉक्टर दारात आला म्हणून दार उघडले गेले.

इथे एका शब्दाविषयी. ‘सोशल डिस्टन्सिंग’ किंवा ‘सामाजिक अंतर’ हे शब्द आपल्या वस्तीत वापरू नका. सामाजिक अंतर म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. विहिरीवर, देवळात, शाळेत ते आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मार्चपासून ‘शारीरिक अंतर’ असेच म्हणते. हा शब्दांचा कीस नाही. पॉझिटिव्ह घराला वाळीत टाकणारे लोक ‘सामाजिक अंतर’ पाळत असतात. त्या घराच्या उंबऱ्यावर पाण्याचा हंडा आणि भाजी ठेवून दोन मीटरवरून ‘काकू, काय हवे?’ असे विचारणारा तरुण शारीरिक अंतर पाळत असतो. आजारी घर वाळीत पडले नाही, तर पुढचे घर आजार लपवणार नाही.

दारात पथक आले तेव्हा

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पहिली फेरी १० ऑक्टोबरपर्यंत चालणार होती. आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघर येऊन ताप आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणार होते, मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार विचारणार होते. अनेक वस्त्यांत ‘घरी कोणी नाही’ असे सांगून दार लावले जाण्याची शक्यता होती. अशा वेळी कार्यकर्त्यांनी त्या पथकासोबत फिरणे गरजेचे होते. तुमच्या गल्लीत तुमचा चेहरा सरकारी ओळखपत्रापेक्षा जास्त चालतो. आशाताईंना कोणी उलटे बोलले तर मध्ये पडणे गरजेचे होते. त्या थोड्या मानधनावर आपला जीव धोक्यात घालत होत्या.

मंडळाने वर्गणीतून एक ऑक्सिमीटर घ्यावा. या आजारात दम लागण्याआधीच ऑक्सिजन उतरू शकतो, म्हणून त्याचे महत्त्व. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी, हात गार नसावा. आकडा ९५ च्या खाली असेल तर वेळ न घालवता डॉक्टरकडे जायचे. आकडा बरा आहे पण ताप-खोकला आहे, तर सहा मिनिटे घरातल्या घरात चालून पुन्हा मोजायचे. ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीन अंकांहून जास्त उतरला तरी दवाखाना गाठायचा. वापरल्यावर यंत्र पुसून ठेवायचे.

अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि लक्षणे असली, तर आरटी-पीसीआर करून घ्यावी लागत असे. निगेटिव्हचा कागद घेऊन कामावर जाणारे बरेच होते.

मास्क सुती, तीन पदरी असला तरी चालतो. रोज धुवावा. बोलताना तो खाली ओढण्याची सवय मोडा, कारण थेंब उडतात ते बोलतानाच. झडप असलेले एन-९५ मास्क घालू नका. ते घालणाऱ्याची हवा न गाळता बाहेर सोडतात, आणि आरोग्य मंत्रालयानेही जुलै २०२० मध्ये त्याविरुद्ध सूचना दिली होती. नाक्यावर मित्रांसोबत उभे राहायचेच असेल तर उघड्यावर, मास्क लावून उभे राहा. तंबाखूची पुडी, बिडी, पाण्याची बाटली एकमेकांना देऊ नका. घरात म्हातारे माणूस असेल तर बाहेरून येणाऱ्या तरुणाने त्यांच्यासोबत जेवू नये, त्यांच्याजवळ बसताना मास्क लावावा. हे वाईट दिसते, आई रागावते. पण पोलिसासमोर लावलेल्या मास्कपेक्षा आईसमोर लावलेला मास्क जास्त कामाचा आहे, आणि समूह संसर्ग म्हणजे नेमके हेच.

तेव्हा अंत्ययात्रेला वीस आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. ती मोडण्याचा आग्रह सहसा घरातल्या मोठ्यांचा असायचा आणि त्यांना नाही म्हणणे तरुणांना जड जायचे. अशा वेळी मंडळाने एकत्र जाऊन त्या घरी बोलणे गरजेचे होते.

१४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, २०२० मध्ये २५ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती. नागपूरला जायचे का, गाड्या ठरवायच्या का, वस्तीत कार्यक्रम घ्यायचा का, ही बोलणी तेव्हा सुरू होणार होती. एप्रिलमध्ये जो निर्णय आपण स्वतःहून घेतला, तोच वेळेत जाहीर करणे गरजेचे होते. शेवटच्या आठवड्यात प्रशासनाच्या आदेशाची वाट पाहणे योग्य नव्हते, कारण तोवर लोकांनी वर्गणी दिलेली असते, गाडीचे आगाऊ पैसे भरलेले असतात आणि मग माघार घेणे अवघड होते. वर्गणी जमलीच असती, तर ती ऑक्सिमीटरला, मास्कच्या कापडाला आणि चौदा दिवस घरी बसाव्या लागणाऱ्या कुटुंबांच्या किराण्याला वापरता आली असती. किराण्याची यादी आधी करणे गरजेचे होते. एखादा माणूस तपासणीला तयार होतो की नाही, हे बऱ्याचदा त्या यादीवर ठरायचे.